पाठकोऱ्या लग्नपत्रिका

इंग्रजीच्या शिबिराचं साहित्य म्हटलं की लोक बाजारातून सफरचंदाचा तक्ता आणतात. तो चकचकीत तक्ता दिसला की माझं डोकंच फिरतं. बाई छडी लावते, पोर ‘ॲपल’ म्हणतं, झालं इंग्रजी. ह्यात कुणी कुणाशी बोललं का? बोलायला समोर दुसरं माणूस लागतं, एवढी साधी गोष्ट आहे. म्हणून माझं सगळं साहित्य जोडीचं असतं. दोन पोरं, दोन कार्डं. एकाच्या कार्डावर घराचं अर्धं चित्र, दुसऱ्याच्या कार्डावर उरलेलं अर्धं. एकमेकांना विचारल्याशिवाय चित्र पुरं होत नाही, आणि दुसऱ्याच्या कार्डात डोकवायचं नाही. बाईंनी गप्प खुर्चीत बसायचं आणि कान उघडे ठेवायचे.

पनवेलजवळच्या एका शाळेत मी बरीच वर्षं हेच केलं. मग नवऱ्याने बोर्ली पंचतनच्या बाजूला घर बांधायचं खूळ डोक्यात घेतलं आणि मी इकडे आले. इथे मी कुणाची बाई नव्हते, ते बरंच वाटत होतं. पण रिकामी मास्तरीण फार दिवस लपून राहत नाही. एका दुपारी खाडीकडच्या एका गावचे अध्यक्ष दारात उभे. अध्यक्ष म्हणजे गावकीचे. ह्या भागात गावची जी माणसं मुंबईला नोकरीला असतात त्यांचं तिकडे मंडळ असतं, गावात राहणाऱ्यांची गावकी असते, आणि दोघं मिळून गाव चालवतात. मंडळाने ठरवलं होतं की मे महिन्यात पोरांचं इंग्लिशचं शिबिर घ्यायचं. “मॅडम, पोरांनी घरीदारी, नळावर, दुकानावर, सगळीकडं इंग्लिशच बोललं पायजे,” अध्यक्ष म्हणाले. मी म्हटलं, “आधी मला जाड कागद लागेल.”

जाड कागद मिळणं सोपं नव्हतं. बोर्लीच्या दुकानात जी कार्डशीट होती ती उचलली की मान टाकायची. दुकानदार म्हणाला, माणगावला मिळेल. एवढ्यासाठी मी काही माणगावला जाणार नव्हते. तेवढ्यात आमच्याच पडवीत मला लग्नपत्रिकांचा गठ्ठा दिसला. इकडे पत्रिका कुणी फेकत नाही, कारण वर गणपती छापलेला असतो. मग त्या दारामागे, देव्हाऱ्याखाली, पत्र्याखालच्या वाशात खोचून ठेवतात आणि त्या पिवळ्या पडत जातात. कागद कसला दणदणीत! एका बाजूला अख्ख्या भावकीची नावं, अगदी ‘आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं’ म्हणणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांपर्यंत. दुसरी बाजू कोरी. म्हटलं, झालं आपलं काम.

मी निरोप पाठवला की पहिल्या दिवशी येताना प्रत्येकाने घरातल्या जुन्या पाठकोऱ्या पत्रिका आणायच्या. समाजमंदिरात पोरं जमली ती पत्रिकांचे गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन. मागोमाग दोघीतिघी आया आल्या, देवाचं चित्र कापू नका म्हणून सांगायला. तेव्हा मी प्रत्येक पत्रिकेवरचा गणपती आधी अलगद कापून काढायचा आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवायचा असा नियम केला. दुपारपर्यंत डबाभर गणपती जमले आणि त्यांचं पुढे काय करायचं ते कुणालाच कळेना. पोरांचं काम भलत्याच कारणाने अडत होतं. कापता कापता ती मागची नावं वाचत बसायची. “अरे, ह्यो तर आपला मामा!” “ह्या लग्नात जेवण संपलं व्हतं!” मी ओरडत होते, पण मनातून मजा वाटत होती.

एका मुलीकडे पत्रिका नव्हती. आठवीत जाणारी असेल, दोन घट्ट वेण्या, मांडी घालून भिंतीकडेला बसलेली. तिने औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा आणला होता, कात्रीने अगदी सरळ कापून. मी सहज विचारलं, “अगं, घरात एकसुद्धा लग्नपत्रिका सापडली नाही?”

“जुन्या वाळवीनं खाल्ल्या, आणि आता आमच्याकडं येत न्हाईत, बाई,” ती म्हणाली. आमच्याकडे उद्या लाइट नाही म्हणावं, तशा आवाजात. आणि एवढा वेळ कलकलाट करणारी ती सगळी पोरं एकदम कापण्यात गुंग झाली.

काय भानगड आहे ते चहाच्या वेळी अध्यक्षांनीच सांगितलं, मी न विचारता. देवळाकडे जाणारा रस्ता रुंद करायचा होता, त्यासाठी ह्या पोरीच्या बापाच्या घरालगतच्या परड्याची कड हवी होती. त्याने दिली नाही. वर सरकारी कचेरीत अर्ज केला. मग गावकीने बैठक घेतली आणि ते घर बाहेर काढलं. बाहेर म्हणजे त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, त्यांना आमंत्रण द्यायचं नाही, त्यांच्याकडे जायचं नाही. जो बोलेल त्याचंही घर बाहेर. हे करायला कायद्याने बंदी आहे, ते अध्यक्षांना माहीत होतं, म्हणून कुठे काही लिहिलेलं नव्हतं. “तिला बसू द्या शिबिरात, आमची हरकत न्हाय,” ते मोठ्या मनाने म्हणाले. “शिक्षणाला कोण आडवं येईल? फक्त कुणाच्या जोडीत घालू नका.”

मला कुणाच्या गावच्या भानगडीत पडायची हौस नाही. खरं सांगायचं तर मी त्या घरातल्या बापाचीही बाजू घेत नव्हते, मला ना त्याचं परडं ठाऊक ना रस्ता. पण माझं साहित्य जोडीचं होतं. मी रात्रंदिवस कार्डं रंगवायची आणि ह्यांनी मला सांगायचं की एका पोरीने अर्धं चित्र घेऊन एकटीने बसायचं? मला रस्त्याचं काही नव्हतं वाटलं, ह्याचा मात्र भयंकर राग आला. माझं घर ह्यांच्या गावकीत नाही, माझं पाणी ह्यांच्या नळाचं नाही. मी म्हटलं, “अध्यक्ष, चहा छान झालाय.”

दुसऱ्या दिवशी मी उंचीप्रमाणे जोड्या लावल्या. त्या मुलीसमोर जी आली तिचं नाक हुबेहूब तसंच, म्हणून विचारलं. सख्ख्या चुलत बहिणी. दोन भावांचं एकच घर, मधे भिंत घालून दोन केलेलं, आणि अंगणात काट्यांची वई, म्हणजे कुंपण. अंगण एक होतं तेव्हा दोघी एका ताटात जेवायच्या, असं मागाहून कळलं. आता शाळेत त्या वेगवेगळ्या बाकांवर बसत.

समाजमंदिर नुसतं दणाणत होतं. हाऊ मेनी डोअर्स, व्हेअर इज द कॅट, व्हॉट कलर इज द रूफ. ह्या दोघी मात्र गप्प. वेण्यांवाल्या मुलीने कार्ड मांडीवर धरलं होतं आणि ती त्याच्या कडेची सेलोटेप नखाने उचलत होती. वर बघत नव्हती. तिला सवय होती, आणि तीच मला बघवेना. बऱ्याच वेळाने चुलत बहीण उठून माझ्याजवळ आली.

“बाई, आमाला हिच्याशी बोलायचं न्हाय असं सांगितलंय.”

“मला माहीत आहे.”

“पण ह्ये इंग्लिशमधी हाय ना?”

“हो.”

ती विचारात पडली. मग तिचा चेहरा उजळला. “मंग ह्ये बोलणं थोडीच हाय! ह्यो तर अभ्यास हाय.”

मी आयुष्यात बऱ्याच हुशार मुली पाहिल्या, पण अशी पळवाट कुणी काढली नव्हती. मी तोंड कडू करून म्हटलं, “मग बस खाली आणि अभ्यास कर.”

ती बसली. कार्ड नाकासमोर धरलं आणि घडघडा म्हणाली, “हाऊ मेनी विंडोज आर देअर इन युवर हाऊस?” समोरचीच्या खऱ्या घराच्या खिडक्या तिला तोंडपाठ होत्या, लहानपणी त्यातूनच ती आत-बाहेर उड्या मारायची. प्रश्न आपल्यालाच विचारलाय ना, हे समोरचीने आधी मागे वळून पाहिलं. मग खिडक्या सांगितल्या, दारं सांगितली, मांजर सांगितलं, विचारलं नव्हतं ते झाडसुद्धा सांगितलं. मला एकदम रडू फुटलं. मला अशा वेळी रडू येतं ह्याची चीड येते, म्हणून बाहेर जाऊन मी उगाच पोरांच्या चपला सरळ लावत बसले.

पोरांना कायदा कळायला वेळ लागत नाही. एकीला चाललं तर सगळ्यांना चालतं. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ती मुलगी नळावर कळशी घेऊन आली की पोरं दोन्ही बाजूंनी ओरडायची, “व्हॉट कलर इज युवर रूफ?” ती ओरडायची, “रेड!” दुकानाशी कुणी गंभीरपणे विचारायचं, “इज देअर अ डॉग अंडर द टेबल?” कार्डांवर जेवढं होतं तेवढंच त्यांना येत होतं, त्यामुळे दिवसभर सगळा गाव खिडक्या, छपरं आणि टेबलाखालच्या कुत्र्यांबद्दल बोलत होता. पण बोलत होता. त्या पोरीची चालच बदलली.

मोठ्या माणसांच्या लक्षात आलंच. दोघं-चौघं अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष माझ्याकडे आले, डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. “मॅडम, ह्ये काय चाललंय?”

“पोरं घरीदारी इंग्लिश बोलतायत,” मी म्हटलं. “नळावर, दुकानावर. तुम्हीच म्हणाला होता.”

“ते व्हय, पण...”

“बंद करायला सांगू? मंडळाला तुम्ही कळवा तसं.”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मंडळाच्या माणसांनी त्या आठवड्यात गावी येऊन पोरांचे व्हिडिओ काढून नेले होते, ‘आपल्या गावची पोरं’ म्हणून ते सगळीकडे फिरत होते. बिचाऱ्यांची पंचाईत झाली. बैठक घेऊन ‘इंग्लिशमधीबी बोलायचं न्हाय’ असं म्हणावं तर स्वतःचंच हसं होणार. ते आल्या वाटेने परत गेले. मला त्या दिवशी जेवण फार गोड लागलं.

आता माझं काम वाढलं. पोरं मला वाक्यं सांगायला लागली. आधी मी ठरवून कार्डं करायची, आता शिंप्याकडे कापड टाकावं तशी ती मागणी टाकायची. “बाई, ‘काल का आली न्हायस’ ला काय म्हणतात?” “‘माझ्यावर चिडलीस काय’ ला?” “‘कैऱ्या पाडायला येतेस?’” मी पत्रिका कापायची, कोऱ्या बाजूवर इंग्रजी लिहायचं, खाली देवनागरीत उच्चार लिहायचा. चुलत बहिणीने एक दिवस विचारलं, “‘तुझ्याबिगर करमत न्हाय’ ला काय?” मी लिहून दिलं. ते कार्ड तिने वर्गात वापरलं नाही, दप्तरात ठेवलं. पुढे काय केलं ते मी विचारलं नाही.

शिबिर संपत आलं होतं तेव्हा दुपारच्या उन्हात एक बाई समाजमंदिराच्या मागच्या दाराने आली. पदराखाली फणसाचे गरे झाकलेले. तिने ते माझ्यापुढे ठेवले आणि दार लोटून घेतलं. ही चुलत बहिणीची आई, म्हणजे त्या मुलीची मोठी आई. पोरं जेवायला गेली होती.

“मला एक कार्ड पायजे,” ती म्हणाली.

“मुलीसाठी?”

“न्हाय. माझ्यासाठी.”

मग हळूहळू तिने सांगितलं. त्या मुलीची आई, म्हणजे हिची धाकटी जाऊ, तिच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. ती इस्पितळात गेली तेव्हा हिने दाराच्या फटीतून बघितलं. घरी आणली तेव्हाही फटीतूनच. रात्री भिंतीपलीकडे कण्हल्याचं ऐकू यायचं. “आणि मी हिकडं भाकरी थापत बसायची! भिंतीला हात लावला तर तिला लागंल एवढी ती जवळ. बाई, काळीज कुरतडतं माझं.” बोलायची सोय नव्हती. हिच्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. हिचं घर बाहेर पडलं तर मांडवाला हात लावायला माणूस येणार नव्हता, आणि सोयरे ऐकून काय म्हणतील ते वेगळंच. नवऱ्याने बजावून ठेवलं होतं. “पण पोरं बोलतात तसं बोललं तर कोण काय म्हणंल? ‘आता बरी हायस का’ एवढंच इचारायचंय मला.”

मी कार्ड लिहिलं. ‘हाऊ आर यू नाऊ?’ तिने शाळा चौथीतच सोडली होती, पण अक्षरं लावता येत होती. ती ते वाक्य म्हणत बसली, घाम पुसत, पुन्हा पुन्हा. मग म्हणाली, “ती काय उत्तर देईल ते मला कळंल कसं?” म्हणून मी दुसरं कार्ड केलं, ‘आय ॲम फाइन, थँक यू,’ आणि ते दुसऱ्या दिवशी त्या मुलीच्या हातात दिलं, तिच्या आईला शिकवायला. माझ्या मते साहित्य पूर्ण होतं. जोडीचं कार्ड, प्रश्न एकीकडे, उत्तर दुसरीकडे. मी स्वतःवर खूश होते.

“तुमी जवळ उभ्या ऱ्हावा,” मोठी जाऊ म्हणाली होती. “मी इसरले तर सांगाल.” म्हणून शेवटच्या दिवशी संध्याकाळी पोरांना खाऊ वाटून झाल्यावर मी तिच्याबरोबर गेले. ऊन कलतं झालं होतं. समोरच्या नळावर बायका होत्या, आणि त्यांनी आम्हाला पाहिलं होतं. वईपलीकडे पडवीत धाकटी जाऊ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती, पोटाशी उशी धरून. चेहरा पार उतरलेला. मुलगी पायाशी बसून तांदूळ निवडत होती.

मोठी जाऊ वईला धरून उभी राहिली. ती विसरेल अशी मला धास्ती होती, पण ती विसरली नाही. स्वच्छ म्हणाली, “हाऊ आर यू नाऊ?”

नळावरचं बोलणं थांबलं. मुलगी आईच्या कानाशी लागली, “आई, म्हण ना. आय ॲम फाइन.”

आईने तिला हाताने बाजूला केलं. ती जावेकडे बघत राहिली, आणि मला वाटलं तिला ऐकूच गेलं नाही. पण तिला ऐकू गेलं होतं.

“पोरांचं ठीक हाय,” ती म्हणाली. आवाज बारीक होता पण थरथरत नव्हता. “त्यांचा खेळ हाय, त्यांनी खेळावा. आपण दोघी एका मांडवात ह्या घरात आलो. माझी पोर तुझ्या हातावर जल्मली. आणि तू मला बाईंनी लिहून दिलेलं इचारतेस? मराठीत इचार. न्हायतर तुझ्या घरला जा.”

मोठीने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे ह्याला कार्ड नव्हतं. तिने नळाकडे पाहिलं, तिथे आता कुणीच पाणी भरत नव्हतं, भरलेल्या कळशीवरून पाणी नुसतं वाहत होतं. तिच्या मागे तिच्या घराच्या दारात तिची लग्न ठरलेली मुलगी येऊन उभी राहिली होती. मीच तिला म्हणणार होते, चला, जाऊ या.

मग ती बोलली, नळापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

“बरी हायस का गो?”

धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिने ते पुसलं नाही.

“न्हाय,” ती म्हणाली. “बरी न्हाय मी. आत ये.”